दारू सोडायची आहे, जवळची मीटिंग कशी शोधायची आणि दारातून आत कसं जायचं

माझ्या फोनमध्ये दारू सोडणाऱ्यांच्या सपोर्ट ग्रुपच्या मीटिंगचा पत्ता चार महिने सेव्ह होता आणि मी गेलो नव्हतो. शेवटी एका मंगळवारी संध्याकाळी मनाची तयारी करून गेलो तर दाराला कुलूप. तो ग्रुप दोन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या जागी गेला होता आणि मी जी यादी बघितली ती कुणी अपडेटच केली नव्हती. त्या रात्री येताना मी बाटली घेऊन आलो आणि मनाला समजावलं की आपण प्रयत्न तर केला. परत जायला पुढे पाच आठवडे लागले, आणि ते पाच आठवडे कसे गेले ते घरच्यांना विचारा.

हे आधीच सांगतोय कारण पत्ता मिळणं सोपं आहे, फोनवर पाच मिनिटात मिळतो. खरा वेळ जातो तो पत्त्यापासून खुर्चीपर्यंत पोचण्यात, आणि तिथेच बहुतेक जण गळतात. म्हणून खाली शोधायचं कुठे हे आहेच, पण त्या मधल्या अंतराबद्दल जास्त लिहिलंय.

सगळ्यात आधी तब्येत

तुम्ही रोज आणि भरपूर पीत असाल, सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, दोन घोट पोटात गेल्याशिवाय बरं वाटत नसेल तर "उद्यापासून एकदम बंद" असं स्वतःच्या जोरावर करू नका, प्लीज. शरीराला सवय झालेली असताना दारू अचानक थांबवली की साधारण ६ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या आसपास काही जणांना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, बीपी वाढतं. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस जाऊ शकतो. आधी फिट येऊन गेली असेल तर धोका अजून जास्त. तेव्हा डॉक्टरांना खरा आकडा सांगा, रोज किती, कधीपासून, शेवटची कधी घेतली. आपण सगळे तिथे अर्धाच आकडा सांगतो आणि मग औषधाचा डोसही त्या अर्ध्या आकड्यावर ठरतो. जीव नकोसा वाटायला लागला असेल तर मीटिंगची वाट बघत बसू नका, इमर्जन्सीला फोन करा किंवा कुणाला तरी आत्ता जवळ बोलवून घ्या.

पण याचा अर्थ असा नाही की पूर्ण बरं होऊन मगच मीटिंगला जायचं. दोन्ही बरोबर चालतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांनीच चालवलेल्या संघटनेत, म्हणजे सगळे ज्याला एए म्हणतात तिथे, यायला एकच अट आहे, दारू थांबवायची इच्छा. कालपर्यंत प्यायलेला माणूस आज येऊन बसू शकतो आणि रोज कुठे ना कुठे असा कुणीतरी बसलेला असतोच.

कुठल्या प्रकारचा ग्रुप

एए १९३५ ला अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात सुरू झालं आणि आज सुमारे १८० देशांत आहे, त्यामुळे तुम्ही जिथे असाल तिथे जवळपास यांचीच मीटिंग असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बारा पायऱ्यांचा कार्यक्रम, त्यात ईश्वराचा उल्लेख येतो पण "आपल्याला जसा समजला तसा" असं म्हणून, कुठल्याही एका धर्माशी संबंध नाही. देव न मानणारे पुष्कळ मेंबर आहेत, काही शहरांत तर खास त्यांच्या मीटिंगा भरतात. फी नाही, फॉर्म नाही, ग्रुपचा खर्च मेंबर लोकच आपापसात वर्गणी काढून भागवतात, बाहेरच्या कुणाकडून पैसे घेतच नाहीत.

ज्यांना तो बाज अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरी आहे, १९९४ पासून. तिथे पायऱ्या नाहीत, ईश्वर नाही, स्वतःला काही नाव लावून घ्यायची गरज नाही. पिण्याची ओढ आली की काय करायचं, डोक्यात कुठला विचार आला की हात बाटलीकडे जातो, हे ट्रेनिंग घेतलेल्या फॅसिलिटेटरबरोबर बसून सरळ अभ्यासासारखं करतात, आणि एकमेकांच्या बोलण्यावर तिथल्या तिथे चर्चाही चालते. याशिवाय लाइफरिंग आहे, बायकांसाठी १९७५ पासून विमेन फॉर सोब्रायटी आहे, बौद्ध विचारांवर चालणारं रिकव्हरी धर्मा आहे. यातले बरेच प्रत्यक्षात कमी ठिकाणी आणि ऑनलाइन जास्त भेटतात.

"याचा खरंच उपयोग होतो का" हा प्रश्न मीही विचारायचो, खरं सांगायचं तर न जाण्यासाठीच विचारायचो. २०२० मध्ये कॉक्रेनने, म्हणजे जे लोक जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासतात त्यांनी, २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त लोकांचा डेटा बघितला. त्यात एए आणि लोकांना एएशी जोडून देणारे ठराविक पद्धतीचे उपचार हे पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांपेक्षा चांगले ठरले आणि बाकी बऱ्याच बाबतीत त्यांच्या बरोबरीचे. सगळ्यांना लागू पडतं असं कुणीच म्हणत नाही. पण "हे सगळं नुसतं भावनिक आहे" हे कारण आता वापरता येणार नाही.

माझं मत विचाराल तर सुरुवातीला प्रकार निवडण्यात आठवडे घालवू नका. जी मीटिंग जवळ आहे आणि या आठवड्यात आहे तिला जा. तुलना नंतर करा, तेव्हा डोकंही जरा स्वच्छ झालेलं असतं.

आणि तुम्ही स्वतः पीत नसाल, घरात नवरा, मुलगा, आई, कुणीतरी पितंय म्हणून हे वाचत असाल तर तुमच्यासाठी वेगळा ग्रुप आहे, अल-अनॉन, १९५१ पासून, आणि घरातल्या टीनएजर मुलांसाठी अलाटीन, ते १९५७ चं. पिणारा यायला तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता, त्याला सांगायचीही गरज नाही.

शोधायचं कुठे

एएची अधिकृत वेबसाइट आहे, एए डॉट ओआरजी. तिथून तुमच्या देशाची आणि भागाची लिंक मिळते. बऱ्याच शहरांत आसपासच्या ग्रुपांनी मिळून चालवलेलं एक छोटं ऑफिस असतं, त्याला इंटरग्रुप किंवा सेंट्रल ऑफिस म्हणतात, आणि त्यांच्याकडची यादी सगळ्यात ताजी असते, म्हणून शेवटी त्यांच्यापर्यंतच पोचायचं. मीटिंग गाइड नावाचं एएचं फ्री अ‍ॅप पण आहे, लोकेशन चालू केलं की जवळच्या मीटिंगा वेळेनुसार दाखवतं. पण एक लक्षात ठेवा, ज्या ऑफिसांनी आपली यादी त्या अ‍ॅपला जोडलेली आहे तेवढ्याच मीटिंगा तिथे दिसतात. स्क्रीन रिकामी दिसली म्हणजे तुमच्या भागात मीटिंग नाही असं समजून फोन खाली ठेवू नका. स्मार्ट रिकव्हरी आणि अल-अनॉनच्या साइटवरही असंच शोधता येतं.

नेटवर काही सापडलं नाही तर माणसांना विचारा. फॅमिली डॉक्टर, सरकारी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग, व्यसनमुक्तीचं काम करणारे समुपदेशक, यांच्याकडे बहुतेक वेळा एखाद्या जुन्या मेंबरचा नंबर असतो. प्रार्थनास्थळं, शाळा, कम्युनिटी हॉल यांच्या नोटीस बोर्डवर नजर टाका कारण ग्रुप अशाच ठिकाणी खोली भाड्याने घेतात. भाड्याने घेतात एवढंच हां, चर्चच्या खोलीत मीटिंग भरते म्हणून ती चर्चची होत नाही. आपल्या गल्लीत ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असेल तर दोन-तीन स्टॉप पुढचा भाग शोधा, मीही सुरुवातीला तसंच केलं.

आता एक सावधगिरी. सर्च केल्यावर वरती जे "फ्री हेल्पलाइन" म्हणून नंबर येतात त्यातले काही खाजगी सेंटरच्या जाहिराती असतात. फोन उचलणारा गोड बोलतो पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नातच इन्शुरन्स कुठला, अ‍ॅडव्हान्स किती देऊ शकाल, उद्याच अ‍ॅडमिट करा, इथपर्यंत पोचतो. अ‍ॅडमिट व्हायची गरज खरंच असू शकते पण ते तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवा. सपोर्ट ग्रुपचा माणूस पैशाबद्दल विचारतच नाही, ओळखायची हीच खूण.

यादीत मीटिंगच्या पुढे काही शब्द किंवा अक्षरं असतात ती आधी समजून घ्या. "ओपन" म्हणजे कुणीही येऊ शकतं, घरचे, मित्र, नुसतं बघायला आलेलेसुद्धा. "क्लोज्ड" म्हणजे ज्यांना स्वतःला दारूचा प्रॉब्लेम आहे किंवा असावा असं वाटतंय फक्त त्यांच्यासाठी, म्हणजे तुम्ही एकटे जाणार असाल तर दोन्ही चालतात पण बायकोला बरोबर न्यायचं असेल तर ओपनच बघा. "स्पीकर" मीटिंगमध्ये एक-दोन जण आपली पूर्ण गोष्ट सांगतात आणि बाकीचे ऐकतात, "डिस्कशन" मध्ये सगळे थोडं थोडं बोलतात, "स्टेप" मध्ये एकेका पायरीवर बोलणं होतं, "बिगिनर्स" नवीन लोकांसाठी. फक्त बायकांच्या, फक्त पुरुषांच्या, एलजीबीटीक्यू लोकांच्या मीटिंगा वेगळ्या लिहिलेल्या असतात. ज्याला बोलायचीच भीती वाटते त्याने पहिली स्पीकर मीटिंग पकडावी.

जायच्या आधी फोन, आणि तो त्याच दिवशी

माझं कुलूप आठवा. यादीत काय लिहिलंय यावर विसंबू नका, तिथे ज्याचा नंबर दिलाय त्याला लावा. हा फोन सगळ्यात जड जातो, मी नंबर दाबून कट करायचो, तीन-चार वेळा केलं तसं. म्हणून काय बोलायचं ते कागदावर लिहूनच घ्या: "नमस्कार, मला दारू सोडायची आहे, मीटिंगबद्दल विचारायचं होतं." बस, एवढं झालं की पुढचं समोरचाच बोलतो कारण त्यानेही कधीतरी हाच फोन केलेला असतो. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, तो आग्रह करणार नाही.

मग विचारायचं ते हे: आजची मीटिंग नक्की आहे ना, किती वाजता सुरू होते, बिल्डिंगचं कुठलं दार आणि कितवा मजला (हे विचाराच, मागच्या जिन्याने जायचं असतं आणि माणूस पुढच्या बंद गेटपाशी उभा राहून परत जातो), भाषा कुठली असते, जिना चढता येत नसेल तर लिफ्ट आहे का. आणि शेवटचं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं, की "मला बाहेर कुणी भेटेल का?" हे विचारायला संकोच वाटतो पण जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी आनंदाने गेटवर येऊन उभं राहतं. बायकांनी बाई मेंबरला फोन करायला सांगा असं स्पष्ट म्हणावं.

फोनला घाबरणाऱ्यांना मी एएची सुरुवात सांगतो. मे १९३५, बिल डब्ल्यू नावाचा माणूस अ‍ॅक्रनमधल्या एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. ज्या कामासाठी आला होता ते फिसकटलेलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, एका बाजूला बारमधून गप्पा-हसण्याचा आवाज येतोय. त्याला कळलं की आपण आता आत जाणार. मग तो टेलिफोनकडे वळला आणि तिथल्या चर्चच्या यादीवरून अनोळखी लोकांना फोन लावत सुटला, मला एखाद्या दारूड्याशी बोलायचंय म्हणून. त्यातून ओळखी निघत निघत त्याची गाठ डॉक्टर बॉब या तिथल्याच एका पिणाऱ्या डॉक्टरशी पडली, आणि डॉक्टर बॉबने शेवटचा पेग घेतला तो १० जून १९३५ चा दिवस एएचा स्थापना दिवस धरतात. तेव्हा यादी नव्हती, अ‍ॅप नव्हतं, मीटिंगच नव्हती. फोन होता.

आत गेल्यावर

दहा मिनिटं आधी पोचा. उशिरा गेलं की सगळे वळून बघतात आणि तेवढं कारण परत फिरायला पुरतं. मी पाच आठवड्यांनी दुसऱ्यांदा गेलो, नव्या पत्त्यावर, तेव्हा दाराबाहेर उभा राहून फोन बघायचं नाटक करत होतो. आतून एक वयस्कर गृहस्थ बघत होते. ते उठून आले नाहीत, काही म्हणाले नाहीत, फक्त शेजारच्या खुर्चीवरची आपली कापडी पिशवी उचलून खाली पायाशी ठेवली आणि परत समोर बघायला लागले. मी जाऊन त्या खुर्चीत बसलो.

मीटिंग साधारण एक ते दीड तास चालते. सुरुवातीला काहीतरी वाचतात, बऱ्याच ठिकाणी छोटी प्रार्थना होते, नको असेल तर गप्प उभं राहिलं तरी चालतं. मग "आज कुणी पहिल्यांदा आलंय का" असं विचारतात. हात वर करायची सक्ती नाही, पण केलात तर मीटिंगनंतर चार माणसं आपणहून बोलायला येतात, म्हणून करा असं मी सांगेन. प्रत्येक जण नाव सांगून "मी मद्यपाशी" किंवा "मी अल्कोहोलिक" म्हणतो, तुम्हाला ते म्हणायचं नसेल तर नुसतं पहिलं नाव सांगा. बोलायची पाळी आली तर "मी आज फक्त ऐकतो" एवढं वाक्य पुरतं आणि त्यावर कुणी काही विचारत नाही. एएमध्ये एकजण बोलत असताना मध्ये कुणी बोलत नाही, नंतर सल्लाही देत नाहीत, हे आधी विचित्र वाटतं, कुणी ऐकतंय की नाही असं वाटतं. थोड्या दिवसांनी कळतं की मध्ये न तोडता पाच मिनिटं आपलं ऐकून घेतलंय असं कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. वर्गणीची पिशवी फिरली तर नवीन माणसाने काही टाकायची गरज नाही.

गुप्ततेचं नीट समजून घ्या. इथे कोण दिसलं, काय ऐकलं ते बाहेर न्यायचं नाही हा सगळ्यांनी पाळायचा शब्द आहे आणि लोक तो खूप मनापासून पाळतात. पण डॉक्टर किंवा वकिलाला असतं तसं कायद्याचं बंधन त्यांच्यावर नसतं. त्यामुळे दारूबद्दल, घराबद्दल, लाजेबद्दल मोकळं बोला, पण कोर्टात चालू असलेली केस, एखादा गुन्हा, दुसऱ्या कुणाचं गुपित, हे तिथे भर सभेत काढू नका.

निघायच्या आधी एक तरी नंबर घ्या. त्या गृहस्थांनी मला वहीचा कोपरा फाडून नंबर दिला होता, "रात्री वाटलं तर कर, मी जागाच असतो." मी त्याच रात्री पावणेबाराला केला. वीस मिनिटं बोललो, बरंचसं त्यांच्या गुडघेदुखीबद्दल, आणि बारची वेळ टळून गेली.

नाही पटली तर

एका मीटिंगवरून ठरवू नका. प्रत्येक ग्रुप आपला कारभार आपण बघतो, त्यामुळे एका ठिकाणी नुसतं वाचन, दुसरीकडे हसणं-खिदळणं, तिसरीकडे सगळे तुमच्या बापाच्या वयाचे. वेगवेगळ्या वेळेच्या, वेगवेगळ्या भागातल्या निदान सहा तरी करा. जुने मेंबर नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा म्हणतात, तो नियम नाही, पण पहिल्या तीन महिन्यांत जितक्या जास्त तितकं बरं हे मी अनुभवाने सांगतो. एखादा ग्रुप आपला वाटायला लागला की तिथे खुर्च्या मांडायचं, दार उघडायचं असलं काहीतरी काम मागून घ्या. काम असलं की दांडी मारता येत नाही.

पण काही गोष्टी दिसल्या तर तिथून सरळ उठा. कुणी तुमची मानसिक आजाराची किंवा दुसरी कुठलीही औषधं बंद करायला सांगतंय, त्याचं ऐकू नका, औषधाचा निर्णय डॉक्टर आणि पेशंटचाच, एएची स्वतःची भूमिकाही हीच आहे. कुणी उसने पैसे मागतंय, नवीन आलेल्या बाईच्या किंवा मुलाच्या फार जवळ यायला बघतंय, एकट्याने भेटायचा आग्रह करतंय, तर ग्रुपमधल्या दुसऱ्या जुन्या माणसाला लगेच सांगा आणि मीटिंग बदला. असे लोक कमी असतात पण असतात. याचसाठी स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्या समजावून सांगणारा आणि वेळी-अवेळी फोन उचलणारा जुना मेंबर, निवडताना घाई करू नका, ज्याच्याशी प्रेमसंबंधाचा प्रश्नच येणार नाही असाच निवडा.

जवळपास मीटिंगच नसेल तर

ऑनलाइन मीटिंगा चोवीस तास कुठे ना कुठे चालू असतात. एएच्या ऑनलाइन इंटरग्रुपची वेगळी साइट आहे, तिथे भाषा आणि वेळ टाकून शोधता येतं, रात्री तीनलाही सापडते. जॉइन व्हायच्या आधी एक काम न विसरता करा, झूममध्ये आपलं नाव काय दिसतंय ते बघा, ऑफिसच्या अकाउंटवरून गेलात तर पूर्ण नाव आणि फोटो सगळ्यांना दिसतो. फक्त पहिलं नाव ठेवा, पहिल्या दिवशी कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं, हेडफोन लावा कारण दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या घरात कुणी ऐकू नये. फक्त ऑनलाइनवरच थांबू नका एवढंच, महिन्यातून एकदा का होईना लांबच्या प्रत्यक्ष मीटिंगला जा. आणि तुमच्यासारखंच सोडायला बघणारं अजून एक माणूस भेटलं तर एएच्या परंपरेप्रमाणे दोन-तीन जण सोबर राहण्यासाठी एकत्र बसले तरी तो ग्रुप होतो, फक्त त्या ग्रुपने दुसऱ्या कुठल्या संस्थेशी नातं जोडायचं नाही. जवळच्या ऑफिसला कळवा, ते यादीत टाकतात आणि मदतही करतात.

शेवटचं, परत प्यायलात तर. मी प्यायलो होतो, तिसऱ्या महिन्यात, आणि नंतर पंधरा दिवस लाजेने गेलोच नाही, ते पंधरा दिवस उगीच घालवले. दुसऱ्या गावचा नवा ग्रुप शोधत बसू नका, त्याच मीटिंगला जा, तिथल्या अर्ध्याअधिक लोकांचं हे होऊन गेलेलं असतं. ज्याचा नंबर घेतलाय त्याला फोन करवत नसेल तर मेसेज करा, लांबलचक माफीनामा लिहायला गेलात तर तो कधीच पाठवून होणार नाही, म्हणून फक्त एवढंच टाइप करा: "काल प्यायलो. आज संध्याकाळी येतोय. जागा ठेवा."